वंशद्वेषाची नोंद कोणी करायची?

डिसेंबर 2025 मध्ये देहरादून येथे त्रिपुराच्या एका विद्यार्थ्याचा हल्ल्यानंतर मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबीयांनी वांशिक शिवीगाळीचा आरोप केला आणि पोलिसांनी प्राथमिक तपासात तसा हेतू आढळला नसल्याचे सांगितले. त्यानंतर चर्चा कडक शिक्षेकडे वळली. परंतु वंशद्वेष, म्हणजे चेहरेपट्टी, वर्ण किंवा वांशिक मूळ यांवरून बाळगलेला द्वेष, हा गुन्ह्यामागचा हेतू असल्याची नोंद केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून व्हावी, हा त्याआधीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगर भागात मारहाण झाल्यानंतर अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यावर केंद्राने नेमलेल्या एम. पी. बेझबरुआ समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये भारतीय दंड संहितेत वांशिक गुन्ह्यांसाठी 153-सी आणि 509-ए ही दोन नवी कलमे सुचवली. ती कधीच अस्तित्वात आली नाहीत. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103(2) मध्ये वंश, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या खुनाचा उल्लेख आहे, पण हल्लेखोर पाच किंवा अधिक असतील तरच हे कलम लागते; शिवाय त्यातील मृत्युदंड किंवा जन्मठेप ही शिक्षा साध्या खुनालाही आहेच. तिघांनी घेरून मारलेल्या माणसाच्या बाबतीत या कलमाचा उपयोग शून्य आहे.

याउलट, पुण्याच्या अनुज बिडवे याचे प्रकरण पाहावे. लँकेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या या 23 वर्षीय तरुणाची 26 डिसेंबर 2011 रोजी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे गोळी घालून हत्या झाली आणि ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी, हेतूचा पुरावा हाती नसतानाही, ही हत्या वांशिक असावी अशी समाजाची भावना आहे एवढ्या आधारावर तपास द्वेषमूलक गुन्हा म्हणून हाती घेतला. यामागे ब्रिटनमधील 1999 च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने घालून दिलेली वांशिक घटनेची व्याख्या आहे. पीडिताला किंवा अन्य कोणालाही घटना वांशिक वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची. आरोपीला जुलै 2012 मध्ये किमान 30 वर्षांची जन्मठेप झाली. वांशिक हेतू न्यायालयात सिद्ध झाला नाही, पण तो तपासला गेला, आणि नोंद व निवाडा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील अनुभव निराळा आहे. ऑगस्ट 2012 मध्ये पुण्यात ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणखी हल्ल्यांच्या अफवा पसरल्या आणि बंगळूर व पुण्याहून हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. केंद्राने पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा लघुसंदेशांवर मर्यादा घातली. अफवा रोखणे आवश्यकच होते, पण प्रत्यक्ष मार खाल्लेल्याची फिर्याद कशी लिहावी, याबाबत कायमची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

नवी मुंबईत ही उणीव अधिक जाणवावी, कारण वाशीच्या आसाम भवनात कर्करोगावरील उपचारांसाठी येणारे रुग्ण उतरतात आणि या शहरातील हॉटेले, सलून व मॉलमध्ये ईशान्येचे अनेक तरुण काम करतात. अशा तरुणाने तक्रार दिली आणि ठाणे अंमलदाराने ‘किरकोळ कारणावरून शिवीगाळ व मारहाण’ एवढेच लिहिले, तर हेतू तिथेच गळून पडतो. अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देणाऱ्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील फिर्यादीत मात्र जातिवाचक शब्द जसेच्या तसे लिहिण्याची पद्धत रूढ आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. या कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये दिल्यामुळे ईशान्येतील अनुसूचित जमातींना ते येथेही मिळते; परंतु मणिपूरचे मैतेई त्या सूचीत नाहीत आणि आफ्रिकी नागरिकांचा तर प्रश्नच येत नाही.

पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. फिर्यादीने सांगितलेले वांशिक शब्द जसेच्या तसे नोंदवावेत आणि त्या हेतूचा तपास करावा, असे परिपत्रक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी काढावे, आणि त्याची अंमलबजावणी नवी मुंबई आयुक्तालयापासून सुरू व्हावी.