टक्क्यांच्या तळाशी लपलेला छेद
लेखमाला : भरतीचं गणित – लेखांक ६

मागच्या आठवड्यात विभाज्यतेच्या कसोट्या झाल्या. ९ साठी अंकांची बेरीज, ८ साठी शेवटचे तीन अंक, ११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक. कसोट्या पाठ केल्या, पण पेपरात त्यांच्यावर प्रश्न येतो एखादाच, असं कुणी म्हणेल. सरळ प्रश्न एखादाच येतो हे खरं. वेश पालटून आलेले मात्र बरेच असतात, आणि त्यांचा आवडता वेश म्हणजे शेकडेवारी.

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या शेडचं उदाहरण घेऊ. सीएनसीवर टर्निंग केलेल्या बुशांचा ६०० नगांचा लॉट चाकणच्या गाडी कंपनीकडे गेला आणि तिथे एक नग नापास झाला. गाड्यांच्या धंद्यात रिजेक्शन पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख नगांमागे किती. ६०० त एक म्हणजे सुमारे १६६७ पीपीएम. आता समजा, गिऱ्हाइकाने ५०० पीपीएमची मर्यादा घालून दिली आहे आणि ती लॉटगणिक पाहिली जाते. मग या लॉटमध्ये किती नग नापास झालेले चालतील? ५०० पीपीएम म्हणजे २००० त एक, आणि अर्धा किंवा पाव नग काही नापास होत नाही. ६०० च्या लॉटमध्ये एक तर शून्य, नाहीतर थेट १६६७. मधलं काही नाही. म्हणजे कागदावर ५०० ची सूट दिसली तरी प्रत्यक्षात सूट शून्यच. क्वालिटीच्या टेबलावर बसणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण हाच हिशेब टक्क्यांत आला की भरतीची तयारी करणारी हुशार मुलंही गोंधळतात.

तत्त्व एवढंच आहे. माणसं, नग, मतं, बरोबर आलेले प्रश्न या मोजायच्या गोष्टी पूर्णांकातच येतात. म्हणून दिलेल्या टक्क्याचा अपूर्णांक करायचा, त्याला अतिसंक्षिप्त रूप द्यायचं आणि खाली उरलेल्या छेदाने एकूण संख्येला निःशेष भाग गेलाच पाहिजे असं समजायचं. ३६ टक्के म्हणजे ९/२५, तेव्हा एकूण संख्या २५ च्या पटीत. १५ टक्के म्हणजे ३/२०, तेव्हा २० च्या पटीत. ३७ ला २ नेही भाग जात नाही आणि ५ नेही, त्यामुळे ३७ टक्के म्हटलं की १०० च्या खाली एकूण संख्या असूच शकत नाही.

साडेबारा टक्के हा आकडा भोसरीत कुणाला सांगावा लागत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने जमिनी घेतल्या, आणि मूळ मालकांना साडेबारा टक्के परतावा मिळावा ही मागणी इथे वर्षानुवर्षं गाजली. पुढे त्या चर्चेत सव्वासहा टक्केही आले. हे आकडे ओबडधोबड वाटतात, पण जुन्या हिशेबात ते अगदी सुटसुटीत आहेत. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सव्वासहा टक्के म्हणजे एक आणा आणि साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि आणे हळूहळू गेले. पावकी-निमकी पाठ असणारी पिढीही मागे पडली. परीक्षेच्या दृष्टीने हे नुकसानच झालं, असं मला वाटतं. साडेसदतीस टक्के म्हटल्याबरोबर ‘सहा आणे, म्हणजे ३/८’ असं ज्याला सुचतं, त्याला दशांश चिन्हाच्या वाटेला जावंच लागत नाही.

जमीन आणि माणसं यांत फरक आहे, तेवढा ध्यानात ठेवा. एकराचे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे आणि सव्वासहा टक्के अडीच गुंठे. अडीच गुंठे चालतात, अडीच कामगार चालत नाहीत. प्रश्न वाचताना वस्तू मोजायची आहे की मापायची, हे आधी ठरवा. छेदाचा नियम फक्त मोजायच्या वस्तूंना लागू होतो.

आता एक प्रश्न पाहू. एका लॉटमध्ये ५०० ते ७०० नग आहेत. साडेबारा टक्के रिजेक्ट झाले. उरलेल्यांपैकी ४ टक्के रीवर्कला गेले. लॉट किती नगांचा? क्लासमध्ये ‘एकूण १०० धरा’ असं शिकवतात. इथे १०० धरले की साडेबारा नग रिजेक्ट होतात आणि गाडी तिथेच अडते. गुणोत्तर किंवा टक्के विचारले असतील तर १०० धरणं सोयीचं. प्रत्यक्ष संख्या विचारली असेल तर छेदाकडे वळावं. रिजेक्ट १/८, म्हणजे उरले ७/८. त्यांचा १/२५ भाग म्हणजे एकूणाच्या ७/२००. ७ आणि २०० सहमूळ आहेत, म्हणून लॉट २०० च्या पटीत. ५०० आणि ७०० च्या मध्ये अशी संख्या एकच, ६००. ताळा पाहा : ७५ रिजेक्ट, ५२५ उरले, त्यांतले २१ रीवर्कला.

दुसरा प्रश्न जास्त लबाड आहे. एका कंपनीतले ३६ टक्के कामगार नाइटला आहेत आणि नाइटवाल्यांपैकी ३३ १/३ टक्के चाकणहून येतात. कामगार किमान किती? पर्याय २५, ५०, ७५, १००. छेद २५ आणि ३ दिसतात, लसावि ७५ निघतो आणि हात ७५ वर जातो. उत्तर २५ आहे. ९/२५ चा तिसरा भाग ३/२५. वरच्या ९ ने खालचा ३ आधीच खाल्ला. नऊजण नाइटला, त्यांतले तिघे चाकणचे. छेदांचा लसावि काढायची घाई करू नका. आधी अपूर्णांकांचा गुणाकार करून संक्षेप द्या, मग छेद बघा. पेपर काढणाऱ्याने ७५ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

पर्याय छाटायला तर ही युक्ती फारच कामाची. उत्पादन साडेबारा टक्क्यांनी वाढलं तर नवं उत्पादन जुन्याच्या ९/८, म्हणून त्याला ९ ने भाग गेलाच पाहिजे. पर्याय ७४३, ७५६, ७६४, ७७५ असतील तर अंकांची बेरीज करा. फक्त ७५६ टिकतो. जुनं उत्पादन ६७२. पेन उचलायचीही गरज नाही. २५ टक्के वाढ असेल तर नवी संख्या ५ च्या पटीत, तेव्हा नुसता शेवटचा अंक पाहिला तरी पुरे.

पास व्हायला किती प्रश्न बरोबर हवेत, हासुद्धा याच जातीचा प्रश्न. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला ८० प्रश्न आणि २०० गुण असतात. पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. प्रश्नाला अडीच गुण, चुकलं की त्याचा चौथा हिस्सा, ०.६२५, वजा. २६ बरोबर आले तर ६५, अपुरे. २७ आले तर ६७.५. इथे दीड गुणाची जागा आहे, तिच्यात दोन चुका बसतात (६६.२५ उरतात), तिसरी बसत नाही (६५.६२५). २८ बरोबर असतील तर मात्र सहा चुका खपतात. एका बरोबर उत्तराने चार चुकांची सोय होते. ‘एक बरोबर, चार चुका’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण २७ वर थांबून तीन अंदाज मारले तर काय होतं, याचा हिशेब फार थोडे करतात.

एक सावधगिरी. ३० मुलांच्या वर्गात २० पास झाली की निकाल ६६.६७ टक्के छापतात. तो अचूक आकडा नव्हे, जवळचा आहे. त्याला शब्दशः धरून ६६६७/१०००० चा छेद काढत बसलात तर वर्गात दहा हजार मुलं भरावी लागतील. प्रश्नात ‘सुमारे’ किंवा ‘अंदाजे’ असेल तर हा नियम बाजूला ठेवा.

आता दोन प्रश्न तुमच्यासाठी. पहिला : एका अभ्यासिकेतली ५६.२५ टक्के मुलं पोलीस भरतीची तयारी करतात आणि त्यांतल्या ३३ १/३ टक्के मुलांनी मैदानी चाचणी पार केली आहे. अभ्यासिकेत किमान किती मुलं? दुसरा : एक रक्कम साडेबारा टक्क्यांनी घटली. आधीची आणि आताची, दोन्ही पूर्ण रुपयांत आहेत. आताची रक्कम ८१५०, ८२२५, ८२९० की ८३४०? पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. घड्याळ लावून सोडवा. उत्तरं पुढच्या लेखांकात, तेव्हा विषय असेल बाकीचा.