गणिताची कोणती पायरी निसटली?



मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई म्हणाली, "पोरगी सातवीत आहे, पण व्याजाचं गणित जमत नाही. गणितात डोकंच नाही तिचं." पोरीला नावं ठेवण्याआधी शाळेचं गणित कसं रचलेलं असतं, ते आज पाहू.

बालभारतीच्या पुस्तकांत गणित शिडीसारखं चढत जातं. तेंदूच्या हंगामाचंच घ्या. एका पुड्यात 70 पानं. ती मोजणं म्हणजे पहिली-दुसरीचं गणित. दहा पुड्यांची 700 पानं, हा तिसरी-चौथीचा गुणाकार. भागाकार आणि अर्धा, पाव, पाऊण हे अपूर्णांकही तिथेच येतात. पाचवीत अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. फळीवर शंभर पुड्यांचा भाव कळला, तर 350 पुड्यांचे पैसे किती? हे सहावीचं गुणोत्तर-प्रमाण. शेकडेवारी आणि नफा-तोटाही सहावीतच. सातवीत सरळव्याज, आठवीत चक्रवाढ व्याज आणि दहावीत जीएसटी.

म्हणजे सातवीचं व्याज खालच्या तीन-चार पायऱ्यांवर उभं आहे. आता आपल्या गटाचं कर्ज घ्या. 5000 रुपये, महिन्याला शेकडा 2 रुपये व्याज. पोरीला एकेक प्रश्न विचारा. शेकडा 2 म्हणजे काय? हे सहावीचं. 5000 मध्ये शंभर किती वेळा? 50 वेळा. हा खालच्या वर्गातला भागाकार. 50 दुणे किती? 100 रुपये. झालं महिन्याचं व्याज! ती भागाकारालाच अडली, तर व्याज पुन्हा पुन्हा समजावून उपयोग नाही. आधी भागाकार पक्का करायचा.

पायरी निसटते कशी? मिरची तोडायला आपण तेलंगणात जातो, लेकरं सोबत येतात. मोहफुलांच्या दिवसांतही शाळा बुडते. नेमका तेव्हाच वर्गात भागाकार होऊन गेला, तर लेकरू पुढच्या वर्गात जातं, भागाकार मागेच राहतो. त्यात डोक्याचा काय दोष?

म्हणून शाळेत गेलात की "पास का नापास" एवढंच विचारू नका. "गुरुजी, पोरगी कोणत्या पायरीवर अडली?" असं विचारा. मागच्या वर्गांची पुस्तकं घरात असतील तर रद्दीत घालू नका. नसतील तर शेजारच्या लेकराचं मागून आणा. आणि गटाचा हिशेब लिहिताना पोरीला जवळ बसवा. आपल्या नोंदवहीत तिची अर्धी शाळा आहे.