टायसन-फोरमन झाली असती तर?

जी लढत कधी झालीच नाही, तिच्यावरून आजही मित्रांमध्ये जुंपते. कटिंग मागवा, बाह्या सरसावा. निकाल आम्ही देतो!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन विषय हमखास निघतात. एक अप्रेझल आणि दुसरा 'असं झालं असतं तर'. ब्रॅडमनला आजचे यॉर्कर खेळता आले असते का, इथपासून सुरुवात होते. मग टेबलावर एखादा बॉक्सिंगवेडा असतोच. रविवारी सकाळी समोरचे पोहे गार होऊ देत लास वेगासची शनिवार रात्र टीव्हीवर बघणारा. तो हळूच पिल्लू सोडतो, "काय राव, टायसन आणि फोरमन भिडले असते तर?"

झालं! एक गट म्हणतो, "टायसन! दोन राऊंडमध्ये खल्लास." दुसरा गट म्हणतो, "अरे हट, फोरमनचा एक ठोसा बसला असता ना, टायसन थेट पार्किंगमध्ये!" आवाज चढतात, चहा निवतो. एचआरवाली मुलगी वळून बघते आणि मान हलवून निघून जाते.

गंमत म्हणून हा वाद ठीकच आहे. पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न दडलाय. एकदा रिंग सोडून गेलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याच्यावर पैज लावायची का?

आधी थोडा फ्लॅशबॅक

जॉर्ज फोरमन हा १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने तोवर अजिंक्य असलेल्या जो फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं आणि हेवीवेट किताब घेतला. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९७४ला, किन्शासामध्ये मुहम्मद अलीने त्याला आठव्या राऊंडमध्ये झोपवलं. १९७७मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर फोरमनने ग्लोव्हज काढले आणि धर्मोपदेशक झाला. ह्यूस्टनमध्ये मुलांसाठी त्याने एक युथ सेंटर काढलं. ते चालवायला पैसे कमी पडू लागले, तेव्हा दहा वर्षांनी, ९ मार्च १९८७ला, गडी पुन्हा रिंगमध्ये हजर! वय ३८, वजन २६७ पौंड. लोक हसले.

माइक टायसनची ओळख करून द्यायला नकोच. नोव्हेंबर १९८६मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो सर्वांत तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला. फेब्रुवारी १९९०मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या राऊंडमध्ये आडवं केलं आणि अख्ख्या दुनियेने डोळे चोळले.

आता तारीख लक्षात ठेवा. १६ जून १९९०, लास वेगास. एकाच रात्री, एकाच कार्डवर दोघंही लढले. टायसनने हेन्री टिलमनला पहिल्या राऊंडमध्ये उडवलं, फोरमनने ब्राझीलच्या आडिल्सन रॉड्रिग्जला दुसऱ्या. पुढची पायरी उघड होती. या दोघांनाच समोरासमोर आणायचं! एक २३ वर्षांचा, पहिली हार पचवू बघणारा. दुसरा ४१ वर्षांचा, दहा वर्षांची रजा संपवून आलेला. कमबॅक विरुद्ध कमबॅक.

ती लढत कधी झालीच नाही.

टायसनवाल्यांची बाजू

यांचा पहिला मुद्दा वेगाचा. टायसनची उंची ५ फूट १० इंच. गुरू कस डीमाटोने त्याला शिकवलेली स्टाईल अशी, की दोन्ही ग्लोव्हज गालांना चिकटवायचे, डोकं सतत डावीकडे-उजवीकडे हलवत आत घुसायचं आणि मग एकामागून एक ठोसे. ऐन बहरातला टायसन म्हणजे विरारची सकाळची लोकल. थांबवायचा विचारही करायचा नाही, बाजूला व्हायचं. आणि चाळिशीतल्या फोरमनचे पाय बाजूला होणारे नव्हतेच.

दुसरा मुद्दा ॲलेक्स स्ट्युअर्टचा. डिसेंबर १९९०मध्ये टायसनने त्याला एका राऊंडमध्ये संपवलं. एप्रिल १९९२मध्ये तोच स्ट्युअर्ट फोरमनसमोर पूर्ण दहा राऊंड उभा राहिला. फोरमन पॉइंट्सवर जिंकला खरा, पण चेहरा असा सुजला होता की जिंकलाय कोण आणि हरलाय कोण, फोटोवरून कळेना.

फोरमनवाल्यांची बाजू

हे लोक एकच नाव घेतात, फ्रेझर. तोही सहा फुटांच्या आतला, तोही वाकून आत घुसणारा, तोही मागे न सरणारा. फोरमनला असाच गिऱ्हाईक हवा असायचा! समोरचा पळाला तर शोधायला पाय लागतात. समोरचा स्वतःच चालत आला तर फक्त ठोसा लागतो. सव्वासहा फुटी फोरमन दोन्ही हातांनी फ्रेझरचे खांदे मागे ढकलायचा, मधे हवं तेवढं अंतर तयार करायचा आणि मग खालून वर अपरकट. टायसनही त्याच रस्त्याने आला असता.

दुसरा मुद्दा हनुवटीचा. अख्ख्या करिअरमध्ये फोरमन पाच लढती हरला, पण वेळेआधी त्याला हरवणारा एकच, अली. बाकी चौघांना पॉइंट्स मोजायची वाट बघावी लागली. उलट टायसन २०२४पर्यंत जेव्हा जेव्हा हरला, तेव्हा शेवटची घंटा वाजण्याआधीच हरला. म्हणजे लढत लांबली की फोरमनचं पारडं जड.

कॉमन पेपर!

दोघं एकमेकांशी भिडले नाहीत, पण काही जण दोघांकडूनही मार खाऊन गेले. चौघांचा हा निकाल बघा.

स्टीव्ह झूस्की: टायसनने मार्च १९८६मध्ये तिसऱ्या राऊंडमध्ये हरवलं. बरोबर एक वर्षाने फोरमनने कमबॅकच्या पहिल्याच लढतीत चौथ्या राऊंडमध्ये. जवळजवळ बरोबरी.

ॲलेक्स स्ट्युअर्ट: टायसन एक राऊंड, फोरमन दहा. टायसनला मार्क.

लू सॅव्हरीज: फोरमनने १९९७मध्ये काठावर पॉइंट्सवर हरवलं, टायसनने २००० साली ३८ सेकंदांत. पुन्हा टायसन. अर्थात, फोरमन तेव्हा ४८ वर्षांचा होता हे विसरू नका.

इव्हॅन्डर होलिफिल्ड: दोघांनाही भारी पडला. पण एप्रिल १९९१मध्ये ४२ वर्षांचा फोरमन त्याच्यासमोर बारा राऊंड पायांवर उभा राहून पॉइंट्सवर हरला. नोव्हेंबर १९९६मध्ये ३० वर्षांच्या टायसनची लढत मात्र अकराव्या राऊंडमध्ये थांबवावी लागली. इथे फोरमनला पूर्ण मार्क.

म्हणजे काय? साध्या पेपरात टायसन टॉपर, अवघड पेपरात फोरमन.

परत येणाऱ्यांचं काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हेवीवेटचा इतिहास बघितला तर कमबॅक ही बहुधा रडकथाच असते.

जिम जेफ्रिज अजिंक्य म्हणून निवृत्त झाला होता. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झालेला गोऱ्या अमेरिकेला सहन होईना, म्हणून जेफ्रिजला शेतावरून परत आणलं. ४ जुलै १९१०ला रीनो इथे जॉन्सनने पंधराव्या राऊंडमध्ये त्याचा निकाल लावला. जो लुई इन्कमटॅक्सच्या थकबाकीपायी परतला. ऑक्टोबर १९५१मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या राऊंडमध्ये रिंगच्या दोऱ्यांमधून बाहेर पाडलं. २ ऑक्टोबर १९८०ला ३८ वर्षांचा अली आपल्याच जुन्या सरावातल्या जोडीदारासमोर, लॅरी होम्ससमोर, दहा राऊंड नुसता मार खात राहिला. शेवटी त्याच्या कोपऱ्यातल्या अँजेलो डंडीने लढत थांबवली. चार वर्षांनी अलीला पार्किन्सनचं निदान झालं.

या तिघांमध्ये समान काय? तिघंही स्वतःचीच जुनी आवृत्ती बनून परत आले होते. डोक्यात जुना सिनेमा चालू होता, शरीर मात्र नवं बिल मागत होतं.

फोरमनने नेमकं उलटं केलं. सत्तरच्या दशकातला फोरमन चिडका, घुम्या, पहिल्या दोन राऊंडमध्ये सगळी बॅटरी संपवणारा. परत आला तो हसरा, स्वतःच्या पोटावर जोक मारणारा, पाचही मुलांची नावं जॉर्ज ठेवणारा. रिंगमध्ये तो आता घाई करेना. दोन राऊंडच्या मधे स्टुलावर बसणंही त्याने सोडलं, उभाच राहायचा. हात आडवे धरून बचाव, सरळ डाव्या हाताचा जॅब आणि संधीची वाट. टायटलची लढत मागायला तो लगेच धावला नाही. होलिफिल्डसमोर उभं राहण्याआधी त्याने ओळीने २४ लढती मारल्या, त्याही अगदी खालच्या पायरीपासून. नवीन ऑफिसात ज्युनिअर पोस्टवर जॉइन होणारा माजी बॉस बघितलाय कधी? तसंच.

आणि मग ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर चॅम्पियन मायकल मूरर, वय २६. फोरमन ४५. अंगात तीच लाल चड्डी, वीस वर्षांपूर्वी किन्शासात हरताना घातलेली! नऊ राऊंड संपले तेव्हा तिन्ही जजच्या कार्डवर मूरर पुढे. दहाव्या राऊंडमध्ये एक छोटासा, सरळ उजवा ठोसा. मूरर पाठीवर. त्या रात्री फोरमनच्या कोपऱ्यात कोण होतं माहितेय? अँजेलो डंडी. १९७४मध्ये फोरमन हरला तेव्हा अलीच्या कोपऱ्यात असलेला आणि १९८०मध्ये अलीची लढत थांबवणारा तोच. कमबॅकचे दोन्ही चेहरे त्या माणसाने हाताच्या अंतरावरून बघितले.

आता निकाल

आमच्या मते लढत दोन. तारखा वेगळ्या, निकालही वेगळे.

जून १९९०: पहिले तीन राऊंड जीव मुठीत धरून बघायचे. फोरमनचा अपरकट लागला तर खेळ तिथेच खलास. पण टायसनच्या हातांत तेव्हा वेग होता आणि फोरमनच्या पायांत नव्हता. वेगवान हातांनी फोरमनला पाडता येत नाही, पण पॉइंट्सवर हरवता येतं, हे होलिफिल्डने पुढच्याच वर्षी दाखवलं. टायसन, पॉइंट्सवर. शंभरातले साठ रुपये त्याच्यावर.

ऑगस्ट १९९५: टायसन तीन वर्षं तुरुंगात काढून मार्चमध्ये सुटला होता, चार वर्षं लढला नव्हता. पीटर मॅकनिलीला त्याने ८९ सेकंदांत गुंडाळलं आणि लोकांना वाटलं, आला परत! पण आला तो जुनाच टायसन, डोकं हलवायची सवय वजा करून. पहिला प्लॅन फसला तर दुसरा नाही, हे होलिफिल्डने सव्वा वर्षात उघडं पाडलं. तुम्ही म्हणाल, त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोरमनला ॲक्सेल शुल्झविरुद्ध मिळालेला निकाल वादग्रस्तच होता. मान्य. पण शुल्झ लांबून मारत फिरत राहिला. टायसन फिरला नसता, आत आला असता. फोरमन, आठव्या राऊंडच्या आसपास, नॉकआउट.

ओरडा आता!

मग झाली का नाही?

उत्तर अगदी साधं आहे. दोघांनाही तिची गरज नव्हती. १९९०च्या ऑक्टोबरमध्ये किताब होलिफिल्डकडे गेला आणि त्याने फोरमनला बोलावलं. टायसन दुसऱ्या वाटेने चालला होता आणि मग तुरुंगात गेला. १९९५मध्ये दोघांकडेही कमी धोक्यात कमाईचे मार्ग होते. फोरमनने तर पुढे ग्रिल विकून रिंगपेक्षा जास्त कमावलं. नुसतं नाव वापरू देण्याचे १९९९मध्ये त्याला १३ कोटी डॉलरहून जास्त मिळाले!

आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. आपण चहा पिता पिता ज्यांना भिडवतो, ते ठोसे कुणाच्या तरी डोक्यावर बसणार असतात. 'झाली असती तर' विकत घेणारे भेटले की कुणीतरी ती लढत खरोखर लावतं. १५ नोव्हेंबर २०२४ला टेक्सासमध्ये ५८ वर्षांच्या टायसनला २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभं केलं. दोन-दोन मिनिटांचे आठ राऊंड, टायसन पॉइंट्सवर हरला. बघितली सगळ्यांनी, आवडली क्वचितच कुणाला. चार महिन्यांनी, २१ मार्च २०२५ला, फोरमन ७६व्या वर्षी गेला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी निवृत्त पहिलवान परत येतोय अशी बातमी आली, की पैज लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. तो कशासाठी येतोय? मधल्या वर्षांत त्याने काय बदललं? आणि खालच्या पायरीवरून सुरुवात करायची त्याची तयारी आहे का? तिन्हींचं उत्तर मिळालं तर लावा पैसे. नाहीतर नुसता वाद घाला, तो फुकट असतो.

चहाचं बिल तेवढं हरलेल्या गटाने भरायचं. म्हणजे या लढतीत, कुणीच नाही!