कापड स्वस्त झाले, मग छप्पर का महागले?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन गरजा. त्यातली दुसरी भागवणे हा आमचा धंदा. मोडनिंबच्या बाजारात ठाणे फाडताना एक गोष्ट आम्हा दुकानदारांच्या रोज नजरेस येते. रोजंदारीवरचा माणूससुद्धा आज सणाला घरातल्या सगळ्यांना नवे कपडे घेऊ शकतो. पण त्याच माणसाचा मुलगा पुण्या-मुंबईत कामाला असेल तर त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खोलीच्या भाड्यात जातो, आणि गावाकडे पैसे पाठवायची वेळ आली की हात आखडतो.

अगदी गरिबासाठी सरकारी घरकुल आहे, पैसेवाल्यासाठी बिल्डर आहे. कोंडी होते ती मधल्याची. दुकानातला सेल्समन, कारखान्यातला ऑपरेटर, शिलाई मास्टर, ड्रायव्हर, खाजगी शाळेतला शिक्षक, अशा महिना २५-३० हजार कमावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. ती व्यापाऱ्यांचीही आहे. ज्या शहरात कारागिराला राहणे परवडत नाही, त्या शहरात मालकाला कारागीर टिकवता येत नाही.

आधी हिशेब मांडू

समजा, पुण्यात एका कारागिराला महिना २५ हजार रुपये मिळतात. भाड्यावर कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जाऊ नये, हा जगभरचा साधा ठोकताळा आहे. म्हणजे त्याला आठ हजारांच्या आसपास खोली हवी. कुटुंबासह राहण्याजोगी खोली त्या भावात कामाजवळ मिळत नाही, म्हणून तो लांब जातो. भाडे दोन हजारांनी उतरते. पण पेट्रोल वाढते, रोजचे दोन तास जातात आणि जादा काम करण्याची ताकद संपते. भाडे आणि प्रवास हे दोन्ही खर्च एकाच खात्यावर लिहावेत. वेगळे लिहिले की लांबची खोली उगाच स्वस्त वाटते.

आता विकत घ्यायचे म्हटले तर? घराच्या किमतीला वर्षाच्या कमाईने भागा. २५ हजारवाल्याची वर्षाची कमाई ३ लाख. फ्लॅट ४५ लाखांचा असेल तर ती त्याची १५ वर्षांची सगळी कमाई झाली. तीही पोटाला काही न खाता! कर्जाचे गणित याहून जड. २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार बसतो. शेवटपर्यंत ४३ लाखांच्या वर रक्कम जाते, त्यात २३ लाख निव्वळ व्याजाचे. २५ हजारांच्या पगारात १८ हजारांचा हप्ता बसत नाही, हे सांगायला मुनीम लागत नाही.

महाग आहे ती जमीन

कापडाची मागणी वाढली की माग वाढतात. इचलकरंजीत नाही तर मालेगावात, मालेगावात नाही तर भिवंडीत माल विणला जातो आणि ट्रकने मोडनिंबला येतो. विटा, सिमेंट, लोखंड यांचेही तसेच. त्यांचा भाव सोलापुरात आणि मुंबईत थोडाफार इकडेतिकडे होतो. पण जमीन मागावर विणता येत नाही आणि ट्रकमध्ये घालून आणताही येत नाही. जिथे कामधंदा गोळा होतो तिथेच सगळ्यांना राहायचे असते, म्हणून तिथल्या जमिनीचा भाव चढत जातो. त्यात आणखी एक फरक आहे. कापड साठवून ठेवले तर कसर लागते, फॅशन जाते आणि व्यापारी बुडतो. जमीन साठवणारा मात्र बसल्या जागी श्रीमंत होतो. म्हणून जमिनीत साठेबाजी फळते.

ही गाठ सोडवायचे प्रयत्न आपल्या राज्यात झाले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. हेतू चांगला होता आणि लाखो भाडेकरूंना त्याने आसरा दिला. पण मालकाला दुरुस्ती परवडेना, नव्या भाड्याच्या चाळी बांधणे थांबले आणि खोली बदलायची तर पगडी मोजायची प्रथा पक्की झाली. जो आत होता तो वाचला, जो बाहेरून आला तो अडकला. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली.

दुसरी संधी गिरण्यांच्या जमिनीची होती. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला, असे वाटप होते. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाली आणि घरांचा वाटा आटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. ज्या भागात कामगार राहत होता, तिथे आज मॉल आणि टॉवर उभे आहेत.

याच्या उलट उदाहरण सिंगापूरचे. जागा आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. तिथल्या सरकारने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढले, १९६६ च्या कायद्याने जमीन ताब्यात घेतली आणि घरे ९९ वर्षांच्या पट्ट्यावर दिली. आज तिथले चारांपैकी तीनहून अधिक रहिवासी अशा घरांत राहतात. भाडे गोठवून घर स्वस्त होत नाही. जमीन हाताशी असेल तरच होते, हे या दोन गोष्टींचे तात्पर्य.

आपल्या जिल्ह्यातला धडा

यासाठी सिंगापूरला जायची गरज नाही. सोलापूर शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी गाव आहे. तिथे विडी कामगार महिलांनी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी संस्था करून १० हजार घरे उभी केली. केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांच्या वाट्यातून हे काम झाले, आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे सुपूर्द झाली. मागे धडपड होती माजी आमदार नरसय्या आडम यांची.

त्यानंतर तिथेच रे नगरची ३० हजार घरांची योजना आली. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण केले. लाभार्थ्यांत यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, ड्रायव्हर, कचरा वेचणारे आहेत. पायाभरणीच्या वेळचा खर्च १,८११ कोटी रुपये होता आणि त्यात केंद्र-राज्याची मदत ७५० कोटींची. भागाकार केला तर घरामागे सुमारे ६ लाख खर्च, त्यात अडीच लाख सरकारचे. म्हणजे कागदावर कामगाराच्या अंगावर साडेतीन लाख. वर दिलेल्या पुण्याच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून पाहा. विटा-सिमेंट दोन्हीकडे तेच आहे. फरक जमिनीचा, आणि हजारो माणसांनी एका संस्थेत येऊन मागणी केली त्याचा.

पण या योजनेची मर्यादाही समजून घ्यावी. विडी वळणारी बाई पान-तंबाखू घेऊन घरी काम करते, तिला शहराबाहेरचे घर चालते. पाळीवर जाणाऱ्या माग कामगाराला मात्र रोज शहरात यावे लागते. म्हणून घर पाहताना आपले काम घरी आहे की कारखान्यात, हे आधी पाहावे.

आपल्या लोकांच्या जादा अडचणी

पहिली अडचण उघड आहे. नाव ऐकून खोली नाकारली जाते, हा आपल्या कित्येक मुलांचा अनुभव आहे. तोटा केवळ मानाचा नाही. दहा वस्त्यांपैकी दोनच उघड्या असतील तर सगळी मागणी त्या दोन वस्त्यांवर पडते आणि तिथला भाव चढतो. मग स्वस्ताच्या मागे माणूस बेकायदा इमारतीत शिरतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अशी एक इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. ज्या घराला परवानगीचा कागद नाही, ते फुकट मिळाले तरी महाग आहे.

दुसरी अडचण कागदाची. आपल्यात पगार रोखीने घ्यायची-द्यायची सवय आहे. पगाराची चिठ्ठी नाही, विवरणपत्र नाही. मग म्हाडाच्या सोडतीत अर्ज कसा भरणार? म्हाडाला पती-पत्नीच्या उत्पन्नाचा पुरावा आणि महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. गंमत अशी, की २०२२ च्या फेरबदलानुसार मुंबई आणि पुणे महानगरात वर्षाला ६ लाखांपर्यंत कमावणारे कुटुंब 'अत्यल्प' गटात मोडते, ६ ते ९ लाख 'अल्प' आणि ९ ते १२ लाख 'मध्यम'. ज्याला आपण गावात बऱ्यापैकी कमावता म्हणतो, तो म्हाडाच्या कागदावर सर्वात खालच्या गटाचा हक्कदार आहे आणि त्याला ते ठाऊकच नसते.

तिसरी अडचण व्याजाची. अनेक वाचक व्याजाचे कर्ज टाळतात. त्यांना बचत, नातलगांकडून कर्जे-हसना, किंवा विक्रेत्याशी ठरलेल्या किमतीचे बिनव्याजी हप्ते, हे मार्ग उरतात. मार्ग कोणता दुरुस्त, हे आलिमांना विचारावे. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच सांगू की घरातला व्यवहार असला तरी तो लेखी असावा, साक्षीदारांसह असावा.

काय करता येईल

व्यापाऱ्यांनी कामगाराचा पगार बँकेत जमा करावा आणि चिठ्ठी द्यावी. आपल्याला खर्च काही नाही, त्याच्यासाठी घराचा दरवाजा उघडतो.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्नाची कुटुंबे तिच्यात येतात. अट अशी, की कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. लग्न झालेल्या मुलाला वडिलांचे गावचे घर आड येत नाही. पण वडिलांनी हौसेने ते घर मुलाच्या नावे करून ठेवले असेल, तर तो बाद होतो. म्हणून घाईने नावे चढवू नयेत.

नवे घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव नेहमी चटई क्षेत्रावर विचारावा.

भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत करावा. ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. करार केला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. आपल्यापैकी जे खोल्या भाड्याने देतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटची सूचना मोडनिंबसारख्या गावांसाठी. गोव्याच्या गावांनी मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात 'कूड' काढले. एका गावाने मिळून जागा घ्यायची, आणि जहाजावर किंवा शहरात कामाला आलेल्या त्या गावच्या माणसाला तिथे थोड्या पैशात पथारी मिळायची. गिरणगावातल्या चाळींतही एकेका खोलीत एकाच गावचे कितीतरी कामगार राहून दिवस काढत. एकट्याला शहराची जमीन पेलत नाही, दहाजणांना थोडीफार पेलते.

आपल्या गावच्या वीस-पंचवीस व्यापाऱ्यांनी नोंदणीकृत संस्था करून पुण्यात एक तीन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला, तर गावची आठ-दहा मुले पहिली दोन वर्षे तिथे काढू शकतात. मुलांनी आपला वाटा द्यावा, अनामत रक्कम संस्थेने भरावी, हिशेब दर महिन्याला वाचून दाखवावा. नव्याने शहरात गेलेल्या मुलाला सर्वात जड जाते ती अनामत, आणि आज आपल्यातल्या कित्येकांच्या गल्ल्यात तेवढी रक्कम पडून असते.