गाडीची नाडी – भाग ७ : उभ्या गाडीचा ताप

मागच्या भागात कूलंट इंजिनातली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत कसं नेतं, ते आपण पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. हायवेला तास-दोन तास पळूनही गाडीचा काटा मध्यावरून हलत नाही, पण सिग्नलला किंवा टोलनाक्याला उभी राहिली की तापते. असं का होतं?

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने हा धडा मला खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दिला. मे महिन्यातली दुपार, साताऱ्याहून परतीचा प्रवास, एसी चालू आणि पुढे लांबच लांब रांग. दहा मिनिटांत काटा लाल पट्टीजवळ गेला. रांग सुटली, गाडी साठच्या वेगाला लागली आणि काटा आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ‘रेडिएटर चोक झालाय’ असं सांगून नवा रेडिएटर बसवला. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा सिग्नलला तापली.

मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडण्याआधी विचारलं, “साहेब, गाडी तापते हे कळलं. कधी तापते ते सांगा.”

निदानाची सुरुवात या प्रश्नापासूनच व्हायला हवी. जळलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये जाते आणि रेडिएटरला ती हवेत सोडावी लागते. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा जाळीतून आरपार जातो. उभ्या गाडीला तो वारा मिळत नाही, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून फक्त उभी असताना तापणाऱ्या गाडीत पहिला संशय फॅनवर घ्यायचा.

तपासणी घरीही करता येते. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून सुरू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. बहुतेक गाड्यांत कूलंट ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचलं की फॅन सुरू होतो आणि तापमान थोडं उतरलं की थांबतो. काटा नेहमीच्या खुणेच्या वर चढला तरी फॅन सुरू झाला नाही, तर लगेच एसी लावून पाहा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासायची. दोन्ही वेळा गप्प राहिला, तर फ्यूज, मग रिले, मग फॅनचा कनेक्टर, या क्रमाने जायचं. शेवटी मेकॅनिक मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊन बघतो. तेव्हाही ती फिरली नाही, तर मोटरच गेलेली असते. या सगळ्यात बोटं पात्यांपासून लांब ठेवा. गाडी बंद केल्यावरही काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो.

मिस्त्रींनी एसी लावला आणि जाळीपाशी कान देऊन उभे राहिले. आवाज नव्हता. त्यांनी फॅनचा कनेक्टर ओढून माझ्या तळहातावर ठेवला. दोन पिनांपैकी एक काळी पडली होती आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक मेणासारखं वितळलं होतं. फॅन भरपूर करंट ओढतो. पिन सैल झाली की तिथेच उष्णता साचते आणि जोड हळूहळू जळत जातो. नवा कनेक्टर बसला, फॅन घुमू लागला. रेडिएटरचा खर्च मात्र वाया गेला होता.

फॅन फिरतोय आणि तरीही गाडी तापते, तर पुढे पाहायचं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्या दोघांच्या फटीत धूळ, किडे आणि कापूस यांचा थर बसला, तर फॅनला हवाच ओढता येत नाही. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं असेल, तर तो जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा आजूबाजूला फिरवतो. कूलंट कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल, तर साधारण ८०० आरपीएमला संथ फिरणारा वॉटर पंप प्रवाह टिकवू शकत नाही. पंपाची पाती झिजली असली तरी तेच. अशा गाडीला न्यूट्रलमध्ये थोडा रेस दिला की काटा उतरतो. ही खूण मेकॅनिकला आवर्जून सांगा.

काही ठिकाणी तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅटच काढून टाकतात. फॅन बंद असेल तर त्याने रोग बरा होत नाही. उलट पुढे इंजिन पुरेसं गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि झीज वाढते.

रांगेत काटा चढलाच तर एसी बंद करा, काचा उतरवा आणि हीटर पूर्ण गरम करून जोरात सोडा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका. आत सुमारे १ बार दाब असतो, त्यामुळे पाणी १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

गॅरेजमध्ये जाताना या नोंदी कागदावर घेऊन जा: उभी असताना की पळताना, एसीवर की एसीशिवाय, फॅन फिरत होता की नाही. एवढं हातात असेल तर कोणी तुमच्या गळ्यात नको तो पार्ट मारू शकणार नाही.

पुढच्या भागात: गाडी पळताना तापते, तेव्हा काय पाहायचं.