पिकअपच्या उंबऱ्याची राखण : रॉक स्लायडर कसे निवडावेत व कसे बसवावेत



आपल्या शिवारात बैलगाडी अजून आहे, ट्रॅक्टर तर आहेच. पण अलीकडे बऱ्याच सभासदांच्या दारात फोर-व्हील पिकअपही उभी राहू लागली आहे. बेणे न्यायचे, खताची पोती टाकायची, मजूर आणायचे, आणि दुपारी त्याच गाडीने तालुक्याला जायचे. गाडी कामाची आहे यात शंका नाही. मात्र तिच्या एका नाजूक जागेची माहिती फार थोड्यांना असते. मलाही ती नव्हती. नुकसान सोसून झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे रान डोंगराच्या पायथ्याला, मुरमाड. रानात जायचे तर ओढा ओलांडावा लागतो आणि ओढ्यात हे एवढाले काळे धोंडे. दोन वर्षांपूर्वी लागणीच्या दिवसांत बेणे भरून निघालो होतो. पुढचे चाक धोंड्यावर चढले आणि पलीकडे उतरले, तोच गाडी मधोमध टेकली. करकर करीत काहीतरी चेपले. उतरायला गेलो तर माझ्या बाजूचे दार उघडेना. डावीकडून उतरून पाहिले, तर दाराखालची पत्र्याची पेटी चार बोटे आत गेलेली.

ही पेटी म्हणजे गाडीचा उंबराच. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधे, दाराच्या खाली, केबिनच्या लांबीची ती असते. दाराचे खांब तिच्यावर उभे असतात. घराचा उंबरा खचला की दार घासू लागते, तसेच इथे होते. पुन्हा हा भाग नट-बोल्टने काढून बदलायचा नसतो. तो कापून, ओढून, जोडून घ्यावा लागतो. खर्च किती येतो, ते ज्याने केला आहे त्याला विचारा.

पुढची चूक माझीच. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन मी सांगितले, "दाराखाली एक जाड पाइप मार." त्याने सांगितल्याप्रमाणे उंबऱ्याच्याच पत्र्याला पट्ट्या लावून पाइप मारला. गाडी दिसायला झोकात दिसू लागली. पुढच्या पावसाळ्यात तोच ओढा, तोच धोंडा. पाइप वाकला नाही, पण पाइपासकट उंबरा आत गेला आणि मागचे दारही अडकले. दणका थोपवायला मागे काही नव्हतेच; पाइपाने तो सरळ पत्र्याच्या हवाली केला होता.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही. बाजारात दाराखाली लावायच्या दोन वस्तू मिळतात आणि दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. एक पायदान. ते माणसाने पाय देऊन चढण्यासाठी असते. दोन माणसांचे वजन पेलले की त्याचे काम झाले. दुसरी वस्तू रॉक स्लायडर. नावातच सगळे आहे : खडकावर गाडी टेकली तर तिने त्यावरून घसरत पुढे जावे, ओझे स्लायडरने घ्यावे आणि उंबऱ्याला काही कळूही नये. म्हणून खरा स्लायडर चासीला धरलेला असतो, केबिनच्या पत्र्याला नव्हे. विकत घेताना खाली वाकून एवढेच पाहा, की त्याचे पाय कुठे गेले आहेत. पत्र्याकडे गेले असतील तर ते पायदान आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

या वस्तूचा खरा मुलूख अमेरिकेतला. युटा राज्यातल्या मोअॅब गावाभोवती लाल खडकाची पठारे आहेत. तिथे १९६७ पासून दर ईस्टरला जीपवाल्यांचा मेळा भरतो. कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची सुमारे ३५ किलोमीटरची खडकाळ वाट आहे. अशा वाटांवर हौशी मंडळी आपापल्या गाड्यांना घरीच लोखंड जोडू लागली. २००३ सालच्या मॉडेलपासून जीप कंपनीने 'रुबिकॉन' याच नावाची गाडी काढली, तिला उंबऱ्याचे रक्षण कारखान्यातूनच बसवून आले. त्यांची ती हौस आहे. आपल्याला ओढा ओलांडल्याशिवाय पाणी सोडायला जाता येत नाही, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, आमच्या वडिलांची जुनी जीप याच ओढ्यातून जायची, तिला कुठे काय लागत होते? प्रश्न रास्त आहे. जुन्या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर होते ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. आजच्या हायलक्स पिकअपचे आहे ३०८५ मिलिमीटर. दोन्हींचे पोट जमिनीपासून २२ सेंटिमीटर उंच धरले, तर ढोबळ हिशेबाने जीप २४ अंशांचा उंचवटा पोट न टेकता ओलांडते आणि लांब पिकअप १६ अंशांचाच. खाट लांब असली की मधे झोळ पडतो, तसेच हे. त्यातच स्लायडर चासीच्या खाली ५ सेंटिमीटर लोंबत ठेवला, तर हेच १६ अंश साडेबारावर येतात. म्हणजे आधी जिथे टेकत नव्हती तिथेही गाडी टेकू लागणार. सबब स्लायडर उंबऱ्याला जितका लगत आणि जितका वर घेता येईल तितका घ्यावा. खाली लोंबणारा स्लायडर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

लगत म्हणजे चिकटून मात्र नव्हे. केबिन चासीवर रबरी गुटक्यांवर बसलेली असते. वाट वाकडीतिकडी असली की चासी पिळवटते आणि केबिन तिच्यावर हलते. स्लायडर व उंबरा यांत दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. नाहीतर खडकाऐवजी स्लायडरच पत्रा कुरतडीत बसेल.

नळीविषयी. आपल्याकडे सहज मिळणारी आणि भरवशाची नळी म्हणजे ४० मिलिमीटर नाममात्र मापाची काळी पाइप. तिचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. हिच्यात बी क्लास व सी क्लास असे प्रकार येतात. बी क्लासची जाडी ३.२, तिच्यावर निळा पट्टा. सी क्लासची ४ मिलिमीटर, तिच्यावर लाल पट्टा. खडकासाठी सी क्लासच घ्यावी. पट्ट्यावर विश्वास नसेल तर काट्यावर घाला. काट्याचे महत्त्व ऊस उत्पादकाला मी काय सांगावे! सी क्लासची सहा मीटरची नळी सुमारे २६ किलो भरते, बी क्लासची एकवीस-साडेएकवीस. गॅल्व्हनाइज्ड नळी स्वस्तात मिळते म्हणून आणू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने वेल्डरला थंडीताप भरतो. अॅल्युमिनियमचेही स्लायडर मिळतात. वजनाला हलके खरे, पण मऊ धातू दगडाला चिकटतो, घसरत नाही. वजनाचेच म्हणाल तर लोखंडी जोडी सगळी मिळून ४५-५० किलोला सहज जाते. तेवढा माल कमी भरावा हे उघड आहे.

नळीपेक्षा महत्त्वाचे आहेत ते पाय. इथेच बहुतेक काम फसते, म्हणून जरा बारकाईने सांगतो. पिकअपचे वजन सुमारे दोन टन. एका बाजूला टेकली तर एक टन ओझे स्लायडरवर आले असे धरा. स्लायडर चासीपासून ३० सेंटिमीटर बाहेर आहे. म्हणजे एक टन ओझे ३० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला धरून कोणीतरी चासी पिळतो आहे. दगड वर ढकलतो, त्यामुळे पायाची वरची कड चासीवर दाबली जाते आणि खालची कड चासीपासून सुटू पाहते. सगळी ओढ खालच्या बोल्टांवर येते. पट्टीवरचे वरचे व खालचे बोल्ट एकमेकांपासून १२ सेंटिमीटरवर असतील तर ही ओढ एकूण अडीच टन होते. ६ सेंटिमीटरवर असतील तर पाच टन. लोखंड तेच, बोल्ट तेच, पण पट्टी आखूड केली म्हणून ओढ दुप्पट! यास्तव पट्टी चासीच्या उंचीइतकी घ्यावी, निदान ५ मिलिमीटर जाड घ्यावी, आणि एका बाजूला तीन तरी पाय असावेत. मोठ्या केबिनला चार. पायाला आधाराची तिरकी पट्टी द्यायची ती वरून द्यावी, खालून दिली तर दगड तिच्यातच अडकतो.

चासीला वेल्डिंग करावे की बोल्ट? माझे मत स्पष्ट आहे : बोल्ट. कसलेला वेल्डर चासीवर काम करू शकतो, नाही असे नाही. पण नव्या गाड्यांच्या चासीचे पोलाद जास्त ताकदीचे असते, आचेने ते त्या जागी मऊ पडते, आणि तडा जातो तो वेल्डिंगच्या कडेनेच. शिवाय चासीच्या आतून ब्रेकच्या नळ्या, डिझेलची नळी आणि वायरिंग गेलेले असते. चासीला नवीन भोके पाडायचीही घाई नको. वरच्या व खालच्या पाळीला तर भोक पाडूच नये, चासीची सगळी ताकद तिथेच आहे. कंपनीने आधीच ठेवलेली भोके असतात, ती वापरणारे तयार स्लायडर आपल्या मॉडेलचे मिळाले तर सर्वांत उत्तम. नाहीतर चासीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या देऊन वरून-खालून बोल्टांनी आवळावे. चासी पेटीसारखी बंद असेल तर ती हे सोसते. एका बाजूने उघडी असेल तर उघड्या बाजूला लोखंडी गुटका द्यावा, नाहीतर आवळताना पाळी आत वाकते. आणि पट्टीखाली ब्रेकची नळी चेंगरत नाही ना, हे बोट घालून पाहावे. डोळ्यांवर सोडू नये.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. १२ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे ८० न्यूटन-मीटरला आवळावा. टॉर्कचा पाना नसेल तर वर्कशॉपातून घडीभर मागून आणा, अंदाजाने पाइप घालून ताणू नका.

करण्याची रीत अशी. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करावी, चाकांना उटी लावावी, बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात. पट्ट्या चासीला हाताने आवळून ठेवाव्यात, नळी जॅकवर धरून जागेवर आणावी आणि वेल्डरने फक्त टाके मारावेत. मग सगळा सांगाडा खाली काढून पूर्ण वेल्डिंग जमिनीवर करावे, तेही एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. एकीकडूनच भरत गेले तर नळी धनुष्यासारखी वाकते आणि भोके जुळत नाहीत. नळीची तोंडे बंद करून गोलवावीत. खालच्या अंगाला पाणी निथळायला एक बारीक भोक ठेवावे. रेड ऑक्साइड, वर काळा रंग. बसवताना आधी सर्व बोल्ट ढिले लावावेत, माप पाहावे, मग मधल्या पायापासून आवळत बाहेर यावे. शेवटी परीक्षा : स्लायडरच्या मधोमध जॅक लावून ती बाजू उचलावी. चाक सुटेपर्यंत उचलूनही उंबऱ्याची मोकळी जागा शाबूत राहिली तर काम पास.

आता आपल्या शिवारापुरती एक धोक्याची सूचना. बरेच कारागीर स्लायडरच्या दोन नळ्यांमधे ठिपक्यांची पट्टी टाकून देतात, पाय द्यायला बरी म्हणून. आपल्या रानात पाचट असते. वाळलेले पाचट त्या पट्टीवर, उंबऱ्याखाली, पायांच्या बेचक्यात साठते. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. ती साफ होताना आतली काजळी जळते आणि सायलेन्सरच्या आतली उष्णता ६०० अंशांच्या घरात जाते. पुढचे सांगायला नको. ज्यांना खोडव्याच्या रानात गाडी घालावी लागते त्यांनी पट्टी टाकूच नये, नळ्या मोकळ्या ठेवाव्यात आणि तोडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी खाली हात घालून पाचट ओढून काढावे. पाचटावर गाडी चालू ठेवून गप्पा मारीत बसू नये.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. ते गार्ड पादचाऱ्याच्या जिवावर उठतात, हे त्यामागचे एक कारण. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेबाबत कडक निर्णय दिला. म्हणून लोखंड आणण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे. आणि काही झाले तरी स्लायडर गाडीच्या रुंदीबाहेर काढू नये. हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री बैलगाड्या, सायकली, पायी चालणारी तोडणीची माणसे असतात. अंधारात बाहेर आलेली नळी कोणाच्या गुडघ्याला लागेल ते दिसतही नाही.

गरज कोणाला, हेही सांगितले पाहिजे. नदीकाठच्या काळ्या रानातल्या सभासदांना याची काही गरज नाही. तिथे गाडी रुतते, टेकत नाही. त्यांनी ते पैसे चांगल्या टायरांवर घालावेत. धोंड्यांचा ओढा, खाणीची वाट, डोंगरउतार ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठीच हा खटाटोप.

माझ्या गाडीचे तिसरे काम चासीला बोल्टने धरून झाले. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासले तेव्हा सहापैकी दोन पाव आटा ढिले निघाले. आता दर पाळीच्या सर्व्हिसिंगला तपासतो. नळीच्या खालच्या अंगाला रंग उडून दोन वीत लांब चरा पडला आहे. त्या दिवशी मागे बसलेल्या पोराने विचारले, "आबा, काय टेकलं?" मी उतरून बघितले. दार नेहमीसारखे उघडले.