जाताना आठ तास, येताना सात

लंडन-न्यूयॉर्क विमानप्रवासाच्या वेळांवर वाचकांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. अंतर तेच, सुमारे ५,५४० किलोमीटर. तरी न्यूयॉर्कला जायला साधारण ८ तास आणि परतायला ७. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे विमान हवेत असताना न्यूयॉर्क त्याच्या दिशेने सरकत येते. मग जाणेच लवकर व्हायला नको का? न्यूयॉर्क सरकते हे खरे, पण विमान ज्या हवेत उडते तीही जमिनीबरोबरच फिरत असते. लंडनच्या अक्षांशावर जमिनीचा हा वेग ताशी हजार किलोमीटरहून अधिक आहे. हवा मागे राहिली असती, तर त्याच वेगाचा वारा तिथे अष्टौप्रहर सुटला असता आणि एकही घर टिकले नसते. धावपट्टीवरचे विमानसुद्धा हा वेग अंगात घेऊनच उडते.

फरक पाडतो तो जेट प्रवाह, म्हणजे साधारण १० किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून असे वारे मोजले आणि अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. तो बाहेर फारसा कुणी वाचला नाही; पुढे महायुद्धात जपानवर उंचावरून आलेली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने त्याच वाऱ्यांत सापडली.

कुणी म्हणेल, जाताना गमावले ते येताना मिळते, म्हणजे फिटंफाट. तसे होत नाही. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा १५० किलोमीटर धरा. जाताना ७ तास २३ मिनिटे, येताना ५ तास १७ मिनिटे. एकूण १२ तास ४० मिनिटे. वारा नसता तर १२ तास १९ मिनिटांत भागले असते. वाऱ्याविरुद्ध विमान जास्त वेळ झगडते, म्हणून तोटा फायद्याहून मोठा. त्यामुळेच उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखतात. पूर्वेकडची विमाने प्रवाहात शिरतात, पश्चिमेकडची त्याला वळसा घालतात. किलोमीटर वाढतात, पण मिनिटे वाचतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या हिशेबाने त्याने ताशी १,३०० किलोमीटर ओलांडले, तरी ध्वनीची मर्यादा मोडली नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत वेग नेहमीचाच होता.

मग पृथ्वीच्या फिरण्याचा यात काहीच हात नाही? आहे, पण वाऱ्यामार्फत. उष्ण कटिबंधात तापून वर चढलेली हवा ध्रुवाकडे निघते, ती तिथल्या जमिनीचा मोठा वेग सोबत घेऊन. उत्तरेला जावे तशी खालची जमीन अधिक संथ फिरते, हवा तिच्या पुढे धावू लागते, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा तयार होतो. पृथ्वीचे फिरणे प्रवाशाला मदत करते ते परतीच्या, पूर्वेकडच्या वाटेवर.